जाळ्या धुऊन ठेवल्यात

आपण दीड वर्षापूर्वीच मेलो आहोत, ही बातमी लेगिनाला वोनोसारीच्या बाजारात टेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, निवडताना कळली. शेजारच्या कॅसेटवाल्याने मोठ्या आवाजात एक गाणं लावलं होतं. गिटार अशी वाजत होती, की कुणीतरी करपलेल्या पातेल्याचं बूड घासतंय असं वाटावं. त्या गोंगाटातून एक ओळखीचा आवाज वर आला आणि ओरडू लागला, 'लेगिना देवाघरी गेली, लेगिना देवाघरी गेली, जाळ्या धुऊन ठेवल्यात.'

टेम्पेवाली गाण्याबरोबर मान हलवत होती. बिचारीला शिपायांनी ट्रकमध्ये घालून नेलं आणि मारून टाकलं, असं तिने आपणहून सांगितलं. कुणाला, असं लेगिनाने विचारलं. लेगिनाला, असं उत्तर आलं. मग टेम्पेवालीने गिऱ्हाइकाकडे जरा निरखून पाहिलं आणि विचारलं, "तुझं नाव काय गं?"

"सुमी," लेगिना म्हणाली.

ट्रक आणि शिपाई एका वाक्यात आले की खरं नाव पोटात ठेवावं, एवढी अक्कल त्या काळात जावात शेळ्यांनासुद्धा होती.

लेगिना १९७३ साली जन्मली. तो दिवस जावानी पंचांगातला लेगीवार होता, म्हणून नाव लेगिना. लेगी म्हणजे गोड. नाव ठेवण्यावर बापाने यापेक्षा जास्त वेळ घालवला नाही, कारण तो गावच्या पहारेदलात होता आणि पहारेदलात झोपायला बराच वेळ लागतो. सरकारने त्याला एक टोपी, एक दंडुका आणि बुटांचा एक जोड दिला होता. बूट दोन नंबर मोठे होते. तो ते फक्त निवडणुकीच्या दिवशी घालायचा आणि एरवी त्यात मिरच्यांचं बियाणं ठेवायचा.

सोळाव्या वर्षी ती योग्याकार्तात आली आणि लग्नपत्रिकांच्या छापखान्यात लागली. चौकटीवर ताणलेली जाळी, तिच्यावर शाई आणि शाई ओढायला रबराची पट्टी, असा तो धंदा. साध्या कागदावर चित्र काढायचं, कागदाला खोबरेल फासून तो पारदर्शक करायचा, उन्हात घट्ट होणारा मसाला लावलेल्या जाळीवर ठेवायचा, वर काच ठेवायची आणि जाळी उन्हात न्यायची. ऊन किती वेळ दाखवायचं, हे बाकीचे घड्याळात बघत. लेगिना काचेवर तळहात ठेवायची आणि तळहात सांगेल तेव्हा जाळी आत आणायची. सात वर्षांत तिने निम्म्या शहराची लग्नं छापली. त्यातली बरीच मोडली, पण शाई एकाचीही फिसकटली नाही.

तिच्याकडे कला महाविद्यालयातली पोरं येऊ लागली ती १९९६ साली. त्यांनी गाम्पिंगानमध्ये एक घर भाड्याने घेतलं होतं. ते एवढं गळायचं की त्यांनी त्याचं नावच 'ओमाह बोचोर', म्हणजे गळकं घर, असं ठेवलं, आणि मग ते दुरुस्त करणं तत्त्वात बसेना. तिथे बाराजण राहत. त्यांचा म्होरक्या जारोट. तो शिल्पकलेच्या चौथ्या वर्षात तिसऱ्यांदा होता आणि त्याने अजून एकही शिल्प केलेलं नव्हतं. तो 'सुमुर आसात' नावाच्या बँडमध्ये गायचा. सुमुर आसात म्हणजे कोरडी विहीर. त्याला गळा नव्हता, पण ओरडताना तो मनापासून ओरडायचा, आणि त्या दिवसांत मनापासून ओरडणारी माणसं कमी होती.

या पोरांना जनरलसाहेबांचं राज्य उलथवायचं होतं आणि त्यासाठी भित्तीपत्रकं हवी होती. पण छापायला गेलं की शाई पसरे, अक्षरं सुजत, आणि 'अन्याय' हा शब्द मटणाच्या रश्शासारखा दिसे. मग ते लेगिनाला घेऊन आले. घरातल्या सगळ्यांनी तिला म्बाक, म्हणजे ताई म्हणायला सुरुवात केली आणि पाठीमागे 'जनता' म्हणायला. एकदा जनता म्हणजे नेमकं कोण, यावर तिथे तीन दिवस वाद चालला. जर्मन पुस्तकं निघाली, दोघांचं बोलणं बंद झालं. ते तीन दिवस जनता मागच्या अंगणात बसून सगळ्यांच्या जाळ्या धूत होती.

चौथ्या दिवशी जनतेने एक चित्र काढलं. भात वाफवायचं उंच पातेलं, खाली चूल, आणि पातेल्यात सोल्जरी बूट. नाडी बाहेर लोंबतेय, झाकण थोडं उचललं गेलंय. खाली ओळ: 'धीर धरा, बूट अजून मऊ झालेला नाही.' बूट बापाचाच होता. तो कोणत्या घडीवर दुमडतो, हे तिला पाठ होतं.

ते चित्र बघून जारोट बराच वेळ गप्प राहिला, आणि हे त्या घरात पहिल्यांदाच घडलं. तीन रंगांत चारशे प्रती निघाल्या. आठवडाभरात शहराच्या भिंती बुटाने भरल्या. पोलीस एक पत्रक खरवडत, तर शेजारी दोन लागत. पुढे एका हवालदारानेच एक पत्रक घडी करून घरी नेलं, असं म्हणतात. भित्तीपत्रकावर कुणाचं नाव नव्हतं. नाव घातलं असतं तर त्या माणसाला शोधायला पोलिसांना फार फिरावं लागलं नसतं.

१९९७च्या डिसेंबरात बाप घसरून पडल्याचा निरोप आला आणि लेगिनाने पिशवी भरली. घरात कुणी नव्हतं; सगळे जनतेला भेटायला कुठल्यातरी गिरणीवर गेले होते. तिने टेलिफोनच्या दुकानातून जारोटच्या पेजरसाठी निरोप सांगितला. आता इथल्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी' म्हणत नाहीत. ते उद्धट वाटतं. त्या आपलं नावच घेतात. त्यामुळे लेगिनाने फोनवरच्या बाईला सांगितलं, "लेगिना घरी गेली. जाळ्या धुऊन ठेवल्यात."

फोनवरची बाई चांगल्या घरची असावी. इथे घरी जाणं म्हणजे मरणंही, त्यामुळे लेगिना नावाची दुसरीच कुणी वारली असं तिने धरलं, पण नुसतं घरी गेली, हे तिला फारच उघडंवाघडं वाटलं. मेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात का? तिने तो शब्द थोडा सभ्य केला आणि पेजरवर पाठवलं: 'लेगिना देवाघरी गेली. जाळ्या धुऊन ठेवल्यात.'

गळक्या घरात रडारड झाली. मागच्या अंगणात बघावं तर जाळ्या खरंच धुऊन ओळीने लावलेल्या. सात दिवस प्रार्थना झाल्या, चहा आणि शेंगदाणे झाले. तिचं गाव चाळीस किलोमीटरवर, मोटरसायकलने दीड तास. पण शोक एवढा मोठा होता, की तो मोटरसायकलवर मावला नाही. शिवाय जारोट गाणं लिहीत होता. ती कशाने गेली, ते पेजरमध्ये नव्हतं. ती जागा रिकामी होती आणि कवीला रिकामी जागा दिसली की राहवत नाही. त्याने तिथे ट्रक घातला.

पाच महिन्यांनी राज्य उलथलं. मोर्च्यात पोरं गाणी म्हणत होती, त्यांत सगळ्यात मोठ्याने हे. मग कॅसेट निघाली. समीक्षकांनी 'जाळ्या धुऊन ठेवल्यात' या ओळीवर लेख लिहिले. जाळी म्हणजे सत्तेचं जाळं, धुणं म्हणजे देशाचं शुद्धीकरण. एकाने तर त्यात समुद्र आणि कोळीही पाहिले. जाळी वेळेवर धुतली नाही तर शाई वाळून भोकं बुजतात, हे त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं.

टेम्पे न घेताच लेगिना त्या दिवशी घरी आली आणि दुसऱ्या दिवशी योग्याकार्ताच्या बसमध्ये बसली. सुमुर आसात आता एका गोदामात सराव करायचे. तिला दारात बघून ढोलवाल्याने काठ्या टाकल्या आणि मागच्या दाराने पळ काढला. जारोट मात्र धावत आला, तिच्या पायाशी बसला, तिचे हात चाचपले आणि लहान मुलासारखा रडला. हे रडणं खरं होतं. लेगिना पुढे कितीही चिडली, तरी हे तिने कधी नाकारलं नाही.

डोळे पुसल्यावर त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

"म्बाक," तो म्हणाला, "तुला कुणी बघितलं इकडे येताना?"

मग त्याने तिला समजावलं. आणि तो जे बोलला ते खोटं नव्हतं, हीच त्यातली वाईट गोष्ट. चळवळीतली पोरं खरंच नाहीशी झाली होती. त्यांच्या आया फोटो छातीशी धरून कचेऱ्यांच्या दाराशी उभ्या होत्या. सरकारातले म्हणत होते, कुठेतरी पळून गेली असतील, येतील परत. "आणि आता गाण्यातली लेगिना बाजारात टेम्पे घेताना सापडली, तर ते काय म्हणतील? म्हणतील, बघा, सगळेच टेम्पे घेतायत. त्या आयांना मी काय सांगू, म्बाक?"

लेगिना म्हणाली, "इंग्गिह."

इंग्गिह म्हणजे हो. म्हणजे ऐकलं. म्हणजे तुमचा मान राखला. जावातला माणूस लग्नाला येतो म्हणतो तोही इंग्गिह आणि येत नाही तोही इंग्गिह. हो आणि नाही यांतला फरक समोरच्याने चेहऱ्यावरून ओळखायचा असतो. जारोटही जावाचाच. त्याने ऐकलं, पण चेहऱ्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर लेगिना चोवीस वर्षं मेलेली राहिली. मेलेल्या बाईला बरीच कामं असतात. तिने पाइमिनशी लग्न केलं. तो बांबूच्या चौकटी करायचा, त्यामुळे जाळ्यांची सोय झाली. वोनोसारीत दुकान काढलं. शाळांचे गणवेश, निवडणुकीचे शर्ट, हरवलेल्या शेळीच्या जाहिराती, सगळं छापलं. पाइमिनला तिने लग्नाआधीच सगळं सांगितलं होतं. त्याने विचार करून एवढंच विचारलं होतं, की मग हे त्याचं पहिलंच लग्न धरायचं की विधुराचं.

दरवर्षी डिसेंबरात जारोटचे चाहते गावच्या दफनभूमीत फुलं घेऊन येत आणि लेगिनाची कबर शोधत. रखवालदार कंटाळून त्यांना आपल्या आत्याची कबर दाखवायचा.

मग गेल्या वर्षी योग्याकार्ताहून शर्टांचं काम आलं. गळक्या घराच्या भित्तीपत्रकांचं मोठं प्रदर्शन भरणार होतं आणि शर्टावर हवा होता तिचाच बूट. सोबत नमुना म्हणून प्रदर्शनातल्या पाटीचा फोटो होता. लेगिनाने चष्मा लावून वाचलं: 'बूट. संकल्पना, रेखाटन आणि छपाई: लेगिना (१९७३–१९९७).'

तिने ते पाइमिनला दाखवलं. तो कधी नव्हे तो सावकाश, मोठ्याने वाचत गेला. संकल्पना. रेखाटन. छपाई. मेल्यावर का होईना, कुणीतरी तिचं नाव बुटाखाली लिहिलं होतं. 

"दुसरं साल खोडून घे," पाइमिन म्हणाला. "बाकी पाटी चांगली आहे."

तेवढंच हवं होतं तिला. एक साल खोडायचं. त्या आयांपैकी आता फार कमी उरल्या होत्या, आणि सरकारातले जे म्हणायचे ते म्हणून मंत्री होऊन मेलेही होते. आता ती टेम्पे घेताना सापडली तरी कुणाचं काही बिघडणार नव्हतं. तिने गावच्या मुखियाकडून हयातीचा दाखला घेतला. मुखियाने तो देण्याआधी नियमाप्रमाणे दोन साक्षीदार मागितले.

प्रदर्शनाची संयोजक गेंदिस नावाची तिशीतली मुलगी होती. ती दाखला बघून आधी खुर्चीत बसली, मग उठली, मग तिने लेगिनाला मिठी मारली. गाण्यातली लेगिना अजून चोवीस वर्षांची म्बाक होती. ही समोर आलेली बाई मात्र बू होती, म्हणजे काकू. गेंदिसचं बोलताना सारखं चुकत होतं. म्बाक म्हणू की बू, असं तिने शेवटी विचारलं. "काहीही म्हण," लेगिना म्हणाली, "फक्त साल खोड." गेंदिसने ओळखपत्राची आणि दाखल्याची प्रत काढून घेतली आणि साल आजच खोडते असं वचन दिलं. ती चांगली मुलगी होती. या गोष्टीत वाईट माणूस शोधायला गेलं तर पंचाईत होते.

लेगिना जिवंत असल्याची बातमी दुपारपर्यंत गळक्या घरातल्या, जारोट सोडून बाकीच्या अकराजणांना कळली. ते सगळे आता काही ना काही झाले होते: कुणी प्राध्यापक, कुणी हॉटेलवाला, एकजण तर पक्षाचा प्रवक्ता. पंचवीस वर्षं बुटाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. मेलेल्या मुलीचं काम, त्यावर काय बोलायचं? पण जिवंत बाईचं म्हटल्यावर सगळ्यांची स्मरणशक्ती एकदम ताजी झाली. एकाला आठवलं, की पातेल्याचं झाकण त्याने काढलं होतं. दुसऱ्याने वाफ काढली होती. तिसऱ्याने नाडीवर हरकत घेतली होती आणि ती हरकत हाही सहभागच. बूट शिजवायची कल्पना दोघांना वेगवेगळी सुचली होती. प्राध्यापकाने तर सांगितलं, की चित्रासाठी बूट त्यानेच आणून दिला होता.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी जारोट स्वतः वोनोसारीला आला. चाळीस किलोमीटर, पहिल्यांदाच. टीव्हीवर गाण्याच्या स्पर्धेत परीक्षक झाल्यापासून त्याने केस मागे बांधले होते आणि ओरडणं सोडून दिलं होतं. लेगिनाने त्याच्यापुढे चहा आणि कसाव्याच्या पिठाचं वाफवलेलं थिवुल ठेवलं. त्याने थिवुलची खूप स्तुती केली. माणूस थिवुलची फार स्तुती करायला लागला की काहीतरी मागायला आलेला असतो.

ते घर सगळ्यांचं होतं, असं तो म्हणाला. तिथे माझं-तुझं नव्हतं. ती असती तर तीही हेच म्हणाली असती. इथे तो अडखळला, कारण ती समोरच बसली होती.

"बूट माझ्या बापाचा होता, मास," लेगिना म्हणाली. मास म्हणजे दादा; वयाने लहान असला तरी ती त्याला मासच म्हणे.

"असेल की. मी कुठे नाही म्हणतोय? पण आता अकरा जणांना खोटं पाडू का मी? तू तर गेलीस निघून. गाणं मी गात राहिलो. तू मेलीस म्हणून तर पत्रक टिकलं, म्बाक."

"मग मी जगले ती चूक झाली."

"तसं नाही म्हणत मी. तुझं नाव राहणार आहे. सन्मानाने राहणार आहे. चालेल ना?"

लेगिनाने त्याच्याकडे पाहिलं. नकारासाठी लागणारा शब्द तिला येत होता, लहान मुलांना आणि कोंबड्यांना ती तो रोज म्हणायची. पण पाहुणा ओसरीवर, हातात चहाचा पेला. चोवीस वर्षांत एकदाच आला होता.

"इंग्गिह," ती म्हणाली, आणि या वेळी चेहरा अगदी त्याच्या समोर धरला. त्याने चहा संपवला आणि समाधानाने उठला.

उद्घाटनाला पाइमिनने बाटिकचा शर्ट घातला आणि वाचायचा चष्मा खिशात घेतला. कलादालनाच्या दारात तो म्हणाला, मी मोटरसायकल लावून येतो, तू हो पुढे. लेगिना आत गेली. बूट मधल्या भिंतीवर होता. तिने तो इतक्या मोठ्या भिंतीवर कधीच पाहिला नव्हता, आणि क्षणभर तिला वाटलं, छपाई चांगली जमली होती. तिसरा रंग केसभरसुद्धा सरकलेला नाही.

खाली नवी पाटी होती. 'बूट. संकल्पना आणि रेखाटन: ओमाह बोचोर समूह. छपाई साहाय्य: बू लेगिना (जन्म १९७३).'

साल खोडलेलं होतं. वचन पाळलेलं होतं.

तिने दोनदा वाचलं. शेजारी दोन कॉलेजच्या मुली उभ्या होत्या. एक दुसरीला सांगत होती, ती जिवंतच आहे म्हणे, वोनोसारीत शर्ट छापते. दुसरी म्हणाली, "अगं बाई. मग गाण्यात रडायचं कशाला इतकं?"

गेंदिस गर्दीतून वाट काढत आली. ती रात्रभर भांडली होती, हे तिच्या डोळ्यांवरून दिसत होतं. बारा विरुद्ध एक झालं, बू, असं ती म्हणाली.

"जुनी पाटी आहे का अजून?" लेगिनाने विचारलं.

"आहे. का?"

"ती लाव परत."

"म्हणजे... तुम्ही..."

"साल घाल परत. सत्त्याण्णव. मला चालतं. मला सवय आहे त्याची."

गेंदिस तिचा हात धरून उभी राहिली.  तिला जे शब्द सापडले ते कार्यालयातलेच होते.

"आता नाही करता येणार ते," ती म्हणाली. "तुमचा हयातीचा दाखला फायलीला लावलाय. माहितीपुस्तक छापून आलंय. जिवंत माणसाला मृत कसं दाखवणार, बू?"

लेगिनाने मान डोलावली. तिला मुलीची दया आली. दाखल्याला साक्षीदार तिनेच आणले होते, दोघेही.

ती बाहेर आली तेव्हा पाइमिन पायऱ्या चढत होता. डोळ्यांवर चष्मा आताच लावलेला, केस पाण्याने बसवलेले.

"खोडलं का?" त्याने विचारलं.

"खोडलं."

"चल, दाखव मला. कुठल्या भिंतीवर आहे?"

"बंद झालंय आता," लेगिना म्हणाली. त्याच्या मागून माणसं आत जात होती, काही फुलं घेऊन, आणि आतून गिटार सुरू झाली होती. पाइमिनने त्या माणसांकडे पाहिलं, उघड्या दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. त्याने चष्मा काढला, घडी केली, खिशात ठेवला आणि म्हणाला की मोटरसायकल जरा लांब लावलीय, चालावं लागेल.